घरची दाढी

धाकटीच्या नाटकात एकाच नटीला आधी ऋषी, मग राजा आणि शेवटी आजचा छानछोकी तरुण व्हायचं होतं. पण चिकटवलेल्या दाढ्या ऐन प्रवेशात घामानं सुटत होत्या. "ताई, तूच कर हे काम," ती म्हणाली. "पहाटे नळ सोडून तू हनुवटीवर वस्तरा फिरवतेस, ते मला ठाऊक आहे."

थोरलीचा चेहरा उतरला. "आणि लोकांना कळलं तर? तोंड दाखवायला जागा उरायची नाही."

"खोटीच आहे म्हणून सांगू की!"

थोरलीनं वस्तरा ठेवून दिला आणि पुढचे कित्येक महिने तोंडाला ओढणी गुंडाळून कामावर जात राहिली.

प्रयोगात लांब दाढीचा ऋषी आला, तेव्हा पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्यांचे हात आपसूक जुळले. विंगेत धाकटीनं कात्री चालवली, टोकदार दाढीचा राजा आला आणि सभागृह चिडीचूप झालं. पुन्हा कात्री चालली, खुंट राखलेला आजचा तरुण शीळ घालत आला, तशा पोरी खिदळल्या. दाढी तीच होती. जमाना बदलला की बघणाऱ्यांचे डोळे बदलत होते.

पडदा पडताच नाट्यस्पर्धेच्या परीक्षक बाई विंगेत आल्या. "दाढी अगदी खरी वाटते हो! कुठून मागवली?"

"ती ना, आमच्या रंगभूषाकारानं..." धाकटीनं घाईघाईनं सुरुवात केली.

"गप गं तू," थोरली म्हणाली आणि तिनं हनुवटी बाईंपुढे केली. "घरची आहे. ओढून बघा."