सोमवारची घारापुरी

"पप्पा, घारापुरी सोमवारी बंद असते," आकांक्षा दारात चप्पल घालता घालता थांबली. नजर फोनवर. "आज लाँचच नाहीये."

सगळे तयार होते. शांताबाईंनी पहाटे उठून केलेल्या तिखटमिठाच्या पुऱ्या डब्यात, पाण्याच्या बाटल्या पिशवीत, खाली टॅक्सी उभी. आकांक्षाच्या आईने, पूर्वीने, तर लॅबमधल्या या एका रजेसाठी महिनाभर साहेबांची मनधरणी केली होती. पण आधी चौकशी करावी, हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही. हितेंद्र दादरला साडीच्या दुकानात. दुकान सोमवारी बंद, म्हणून या घरात बारशी, डॉक्टर, लग्नाची बोलणी, सगळं सोमवारीच. घारापुरीलाही नेमकी सोमवारचीच सुट्टी असेल, हे कोण लक्षात घेणार?

"जाऊ दे, पुढच्या वेळी," पूर्वी म्हणाली आणि नेसत्या साडीनिशी पलंगावर आडवी झाली. हितेंद्रने बूट काढले. आठवडाभर उभं राहून त्याच्या पायांचे तुकडे पडले होते. खरं तर वाईट वाटायला हवं होतं. पण तिघांनाही सुटल्यासारखं झालं, आणि ते लपवायचंही त्राण कुणात नव्हतं.

"तसंही आई, तिकडे एकशेवीस पायऱ्या आहेत," तो म्हणाला. "तुला कुठे झेपणार होतं?"

"माका काय झाला चढूक?" शांताबाई एवढंच बोलल्या. शिवडीला राहत असताना समोरचं ते बेट त्यांनी चाळीस वर्षं नुसतं लांबून पाहिलं होतं. त्यांनी डबा उघडला आणि पुऱ्या ताटात काढायला घेतल्या.

हितेंद्र टॅक्सी परत पाठवायला खाली उतरला. लिफ्टपाशी वॉचमन बाबुराव स्टुलावर बसला होता.

"आजी नाय आल्या आज?"

"कुठे?"

"जिन्यावर. दोन महिने झाले, रोज या टायमाला येतात."

आई रोज सकाळी फुलं आणायला जाते, अशी हितेंद्रची समजूत होती.

"आधी दुसऱ्या माळ्यावरच बसायच्या," बाबुराव सांगू लागला. "शनिवारी न बसता सातव्यापर्यंत गेल्या. मला म्हणाल्या, एकशे सव्वीस झाल्या. मी म्हटलं, आजी, लिफ्ट चालू हाय ना. तर म्हणतात, तिथे लिफ्ट नाय."

टॅक्सीवाल्याची कशीबशी समजूत काढून हितेंद्र आत आला. लिफ्ट खालीच उभी होती. तो जिन्याकडे वळला.

चौथ्या मजल्यावर त्याला पायरीवर बसावं लागलं. छाती भात्यासारखी हलत होती. तिथूनच त्याने दुकानाच्या शेठना फोन लावला.

"शेठ, येत्या रविवारी मला सुट्टी पाहिजे."

शेठ चपापले. लग्नसराईत रविवार मागायचा, म्हणजे घरात कुणीतरी अंथरुणाला खिळलेलंच असणार.

"आई बरी आहे ना रे?"

"बरी आहे," हितेंद्र म्हणाला. त्याची धाप अजून थांबली नव्हती. "म्हणूनच मागतोय."