ऑक्सफर्डची वंशावळ

फलकावरची रेघ एकोणीसशे एकाहत्तरला थांबली होती. प्रमोदरावांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. रेघ होती तिथंच.

"आपली अँबॅसेडर कुठाय?" त्यांनी लेकीला विचारलं.

न्यूझीलंडमधल्या पोरिरुआच्या त्या मैदानावर जुन्या ब्रिटिश गाड्या जमल्या होत्या. वारा असा, की डोक्यावर टोपी ठेवायची सोय नाही. मॉरिस ऑक्सफर्डच्या पाच-सहा गाड्या थोरलीपासून धाकटीपर्यंत ओळीनं उभ्या होत्या आणि शेजारी क्लबवाल्यांनी गाडीची वंशावळ रंगवून लावली होती. कुठली पिढी कधी आली, कधी गेली, कुणाची बहीण कोण, सगळं हौसेनं. फक्त एक नव्हतं. त्यातलीच एक ऑक्सफर्ड पन्नासच्या दशकात कलकत्त्याला गेली, तिथं तिचं नाव अँबॅसेडर झालं, आणि बांधकाम खात्यातल्या अख्ख्या नोकरीत प्रमोदराव तिच्याच मागच्या सीटवर बसून रस्ते बघत हिंडले.

"यांनी एकाहत्तरात बंद केली," ते कडाडले. "आपण दोन हजार चौदापर्यंत चालवली! आणि साधा उल्लेख नाही? धडधडीत अन्याय आहे हा. कोण आहे इथला प्रमुख? बोलव त्याला."

इरावतीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. अन्याय! हा शब्द बाबांना येतो तर.

आज सकाळी तो त्यांना सुचला नव्हता. घराण्याच्या कुलवृत्तांताची नवी आवृत्ती निघत होती, बाबा संपादक होते, आणि छपाईला जायची पानं त्यांनी नाश्त्याच्या टेबलावरच लॅपटॉपवर उघडली होती. शार्दूलच्या, म्हणजे तिच्या भावाच्या दोन्ही मुलांची जन्मगावं, शाळा, पोहण्यातलं ब्राँझ पदकसुद्धा त्यात होतं. इरावतीच्या नावापुढे नुसतं 'विवाहित, न्यूझीलंड'. जणू लग्न देशाशीच लागलं होतं. ना नवऱ्याचं, डॅनियलचं नाव, ना लेकीचं, आनंदीचं.

"आनंदीचं नाव घाला, बाबा," असं ती बाबांच्या या मुक्कामात तिसऱ्यांदा म्हणाली.

"दिल्या घरी गेली, नाव बदललं, ती आता त्यांची," बाबांनी मान वर न करता सांगितलं. "आपल्याकडे रेघ इथंच थांबते."

आनंदी नऊ वर्षांची. मराठी बोलत नाही, पण कळतं तिला सगळं. तिनं जॅमची सुरी बशीत ठेवली आणि उठून गेली. बाबांनी पुढचं पान उघडलं.

क्लबचा प्रमुख आला. ब्रायन, सत्तरीचा, वाऱ्यातही पायात जँडल्स, म्हणजे रबरी चपला घातलेला. बाबांचं श्रवणयंत्र वाऱ्यानं नुसतं घोंघावत होतं, आणि ब्रायनचे निम्मे शब्द दाढीतून बाहेरच पडत नव्हते. बाबांनी दोन वाक्यांतच हात टेकले.

"तू सांग त्याला. एकूण एक शब्द सांग."

इरावती सांगू लागली. फार्मसीच्या काउंटरवर दिवसभर लोकांना समजावून सांगायची तिला सवय होती. बाबा बोलायचे, ती इंग्रजीत सांगायची.

"म्हणावं, हाडं तीच आहेत. चेहरा तोच आहे."

तिनं सांगितलं.

"म्हणावं, परक्या देशात वाढली म्हणून तुमची राहिली नाही का?"

तेही सांगितलं. शेजारी आनंदी आइस्क्रीम खात उभी होती. तिची जीभ थांबली होती. ती आळीपाळीनं आजोबांकडे आणि फलकाकडे बघत होती.

"आणि म्हणावं, अर्धी वंशावळ लावण्यापेक्षा लावूच नका!"

ब्रायननं सगळं नीट ऐकून घेतलं, दाढी खाजवली आणि मान डोलावली. "फेअर इनफ. ही'ज राइट," तो म्हणाला. त्यानं शर्टाच्या खिशातून जाडा मार्कर काढून इरावतीला दिला आणि फलकाच्या तळाची मोकळी जागा दाखवली. "हीप्स ऑफ रूम अॅट द बॉटम. यू राइट हर इन." मग कुणीतरी हाक मारली म्हणून तो पलीकडच्या गाडीकडे निघाला.

"काय म्हणाला?" बाबांनी कान पुढे केला.

इरावतीनं मार्कर मुठीत घट्ट धरला. खरं सांगायला तिचं मन तयार होईना. एवढ्या सहज न्याय मिळावा या माणसाला?

"तो म्हणतोय, दिल्या घरी गेली, नाव बदललं, ती आता त्यांची. आपल्याकडे रेघ इथंच थांबते."

बाबा लालबुंद झाले. "मूर्ख आहे! नाव बदललं म्हणून रक्त बदलतं? असल्या कोत्या मनाच्या माणसाला वंशावळ लिहायला बसवलं कुणी?" चार माणसं वळून बघू लागली. बाबांना त्याची पर्वा नव्हती. ते ब्रायनच्या पाठीकडे हात करून ओरडत होते. "थांबव त्याला! लाज वाटत नाही का, विचार! विचार त्याला!"

इरावतीची आता काही सांगायची इच्छाच नव्हती.

"ही सेड येस, आजोबा."

आनंदी पुढे आली होती. आइस्क्रीम वितळून मनगटावर ओघळत होतं. आवाज चढलेला, थेट त्यांच्यासारखा.

"ब्रायन सेड येस. दॅट अदर थिंग, ही डिडन्ट से दॅट. यू डिड."