शिट्टी गँग

‘तुम्ही खोटं दाखवलंत. धडधडीत खोटं. आणि वर मागे भीतीदायक म्युझिक लावलंत.’

उत्तम खुर्चीत बसलाच नाही. वर्तकनगरच्या त्या एसी ऑफिसात तो टेबलावर दोन्ही हात टेकून उभा होता. शेजारी मितेश, मान खाली. समोर माहितीपट बनवणारा अपूर्व. भाषा शुद्ध, चेहरा शांत.

‘काका, आधी पाणी घ्या.’

‘पाणी घरी आहे माझ्या. ‘कळव्याची शिट्टी गँग’ हे नाव कुठून काढलंत ते सांगा. गोविंदा पथक आहे आमचं. मी शिट्टी मारली की पोरं थर लावतात. खालची पोरं एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून गोल उभी राहतात, कारण नाही राहिली तर वरची डोक्यावर येतील. त्याला तुम्ही काय म्हटलंत? रक्ताची शपथ! दहीहंडी बघितली नाहीत का कधी?’

‘डोंबिवलीत वाढलोय मी.’

‘मग तर जास्तच लाज वाटू द्या.’

मितेशचा चेहरा त्यांनी पुसट केला होता. पण टी-शर्टच्या पाठीवर त्याचं नाव होतं, ते पुसायचं कुणाला सुचलं नाही. मितेश शाळेची बस चालवायचा. माहितीपट लागला आणि आयांनी शाळेच्या दारात ठिय्या दिला. गुंडाच्या बसमध्ये आमची लेकरं नकोत. मुख्याध्यापक बाईंनी त्याला सांगितलं, चॅनलने टीव्हीवर चूक कबूल केली तर ये, नाहीतर येऊ नकोस.

‘या पोरांना मी शिस्त लावलीय,’ उत्तम म्हणाला. ‘इतकी वर्षं थर लावतोय. एकाला साधं खरचटलेलं दाखवा मला.’

अपूर्वने लॅपटॉप त्यांच्याकडे फिरवला. पडद्यावर तोंडाला काळा रुमाल बांधलेला एक माणूस होता. आवाज बदललेला. मी या टोळीत होतो, असं तो सांगत होता. राड्यात पाठीत तलवार बसली, तेव्हापासून कमरेखाली लुळा आहे.

‘हे आम्ही नाही म्हटलेलं, यानं म्हटलंय. यानं कॅमेऱ्यासमोर शब्द मागे घेतले तर आम्ही दाखवू. कबूल.’

‘पत्ता द्या.’

असा पत्ता द्यायचा नसतो. पण अपूर्वला पुढची मीटिंग होती. त्याने पत्ता दिला, नाव दिलं नाही.

मितेशच्या बाइकवरून दोघं विठ्ठलवाडीला निघाले. वाटभर उत्तमचं तोंड चालू होतं.

‘काय पण गँग रे आपली! वर्गणी मागायला जातो तर तो फरसाणवाला आपल्यालाच दम देतो.’

मितेश हसला. बऱ्याच दिवसांनी हसला.

‘दादा, तिथे हात नाही उचलायचा हां. तू फक्त उभा राहा. मी त्याला बोलतं करतो, मोबाइलवर घेतो. माझी बस परत मिळाली की बास.’

चाळीतलं दार एका म्हातारीने उघडलं. उत्तमकडे तिने नीट बघून घेतलं आणि आत वळून म्हणाली, ‘सुदेश, बघ कोण आलंय.’

खिडकीखालच्या पलंगावर विशीतला पोरगा होता. पायांवर चादर, चादरीखाली पाय वाळून काड्या झालेले.

मितेशने मोबाइल धरला. ‘का केलंस रे असं? माझी नोकरी गेली. आपली साधी ओळखपण नाही!’

‘तुझ्याशी भांडण नाय, भावा. तू नंतर आला असशील पथकात.’ सुदेश म्हणाला. ‘मी त्यांना पहिल्यांदा खरं तेच बोललेलो. ते बोलले, यात स्टोरी नाय. मारामारीत झालं असेल तर बघू. मग मी बोललो, चला, लावा तलवार. निदान कोण तरी ऐकत होतं.’

‘म्हणजे खोटं बोललास ना? मग बोल तसं. इथे बघून बोल.’

‘बोलतो. आत्ताच्या आत्ता बोलतो. पण एकटा नाय बोलणार.’

उत्तम अजून उंबऱ्याबाहेरच होता. चपलासुद्धा काढल्या नव्हत्या.

‘दादा, आत ये ना,’ मितेश म्हणाला. ‘मघापासून एवढा तापलेलास, आता गप्प का?’

‘भावा, तो मोबाइल जरा दाराकडे फिरव,’ सुदेश म्हणाला. मितेशने न कळून फिरवला. ‘हां. बारा वर्षांचा होतो मी. सगळ्यात वरच्या थराला, कमरेला दोरी नाय, डोक्याला टोपी नाय. आणि तू पोलिसांना सांगितलंस, पोरगं चाळीच्या जिन्यावरून घसरलं. आता इथे बघ, उत्तमदादा, आणि तूच सांग. मी कुठून पडलेलो?’