नाकारलेल्या नोंदी

भरदुपारी पाचूबंदरच्या घरात लविना लॅपटॉपसमोर बसली होती आणि तिचा जीव टांगणीला लागला होता. धाकटा भाऊ रेमंड पहाटे एकटाच होडी घेऊन गेला होता. होडीवरचं यंत्र दर पंधरा मिनिटांनी आपली जागा आकड्यांत कळवतं आणि लविनाने लिहिलेल्या प्रोग्रामच्या नकाशावर ठिपका उमटतो. दहानंतर रेमंडचा ठिपका उमटला नव्हता.

"दिसला काय गो?" आईने, मार्थाने, दारातून विचारलं. बोटांत रोझरीची माळ फिरत होती.

"नाय आय."

मग लविनाने ती यादी उघडली. प्रोग्रामला न समजलेल्या नोंदी तिथे जाऊन पडतात. गेल्या वर्षी तिने ती वेळेवर उघडली नव्हती.

तिचे वडील फर्डिनंड बारा वर्षं पोर्तुगालच्या जहाजावर होते. तिकडे दशांशाला टिंब नाही, स्वल्पविराम देतात. येताना आणलेलं यंत्र त्यांनी शेवटपर्यंत त्याच लोकेलवर, म्हणजे त्या देशाच्या आकडे लिहायच्या रीतीवर ठेवलं. लविनाने शंभरदा सांगितलं, बदला. "आकडा तोच हाय. तुज्या मशीनला वाचाया शिकव," म्हणून त्यांनी ते हसण्यावारी नेलं. तीही कुठली ऐकणारी, हट्टात बापावर गेलेली! त्यांची होडी बुडत होती तेव्हा त्यांच्या जागेचे सगळे आकडे प्रोग्रामने 'हा आकडा नाही' म्हणून बाजूला फेकले. यंत्र त्यांच्याबरोबरच तळाला गेलं. हे तिने आईलाही कधी सांगितलं नव्हतं. सांगायचं तरी कोणत्या तोंडाने?

आज यादीत सात नोंदी होत्या. सव्वादहापासून, दर पंधरा मिनिटांनी एक. सातही स्वल्पविरामाच्या. यंत्राचा क्रमांक वाचला आणि तिच्या अंगावर काटा आला.

"कोनाचा नंबर गो तो?" आईने जवळ येऊन विचारलं.

"डॅडींचा."

मार्था घाबरली नाही. उलट तिचा चेहरा उजळला. "मंग काळजी नाय. त्यानं पोराला कदी दर्यात एकटं सोडलं नाय."

लविनाने आकडे पांडूकाकांना फोनवर सांगितले. शोधायला निघालेल्या होड्यांत तेच पुढे होते. जागा तीच होती, रेमंडचा शेवटचा ठिपका जिथे उमटला होता. थोड्या वेळाने काकांचा आवाज आला, "हितंच उभा हाय मी. काय नाय गो. पानी निवांत हाय."

तेवढ्यात लॅपटॉप टिंगकन वाजला. नवी नोंद. क्रमांक रेमंडच्या यंत्राचा!

"आय, रेमंड! रेमंड आला!" ती ओरडली. मार्थाने क्रूसाची खूण केली आणि लगबगीने आत गेली. "भूक लागली असंल त्याला," ती आतून म्हणाली. भांडी वाजू लागली.

लविनाने नकाशाकडे पाहिलं. ठिपका नव्हता. रेमंडचं यंत्र तिने स्वतःच्या हाताने भारताच्या, टिंबाच्या लोकेलवर लावून दिलं होतं, पहाटे तो निघताना पुन्हा एकदा तपासलंही होतं.

नोंद नाकारलेल्यांच्या यादीत पडली होती. बापाच्या सात नोंदींच्या खाली, त्याच जागेची, स्वल्पविरामासकट.