कीथच्या शेजारची जागा

चर्चच्या फाटकाशी पोचेपर्यंत फिलिपाने काय बोलायचं ते मनात जुळवून ठेवलं होतं. आवाज चढवायचा नाही. आभार मानायचे आणि यापुढे तसदी घेऊ नका, असं सांगायचं.

डोरीन दर गुरुवारी हॅडबरीहून बसने येत होती. हॅडबरी म्हणजे जवळचं बाजाराचं शहर. गावातल्यांना ते लागे बूट शिवायला आणि दात दाखवायला, एवढ्यापुरतंच. डोरीन ही तिच्या नवऱ्याची, कीथची पहिली बायको आणि ती तिथे एका लाँड्रीच्या वरच्या खोल्यांत राहते, यापलीकडे फिलिपाला तिच्याबद्दल काही ठाऊक नव्हतं. कीथला जाऊन अजून वर्षही झालं नव्हतं, आणि ही बाई त्याच्या कबरीपाशी गुडघे टेकून बसते हे तिला कळलं ते शेजारच्या रोझमंडकडून, भाजी घेता घेता.

"तुझ्यापेक्षा तुझी सवतच जास्त वेळ असते गं त्याच्यापाशी," रोझमंड म्हणाली होती. दुकानातल्या बाकीच्या बायका एकदम काकड्या निवडण्यात गढून गेल्या.

तेव्हापासून फिलिपा मनातून जळत होती. कीथची सकाळची लंडनची गाडी तिने सांभाळली, त्याचे पाहुणे सांभाळले, शेवटचं लांबलेलं दुखणंही तिनेच काढलं. पण तरुण कीथ तिने कधी पाहिलाच नव्हता. तो डोरीनच्या वाट्याला गेला होता, आणि आता मेलेल्या कीथमध्येही तिला वाटा हवा होता.

डोरीन होतीच. मळकट रेनकोट घालून ती गवतात बसली होती आणि खुरप्याने पुढ्यातली माती उकरून फुलांचे कंद लावत होती. कीथच्या शेजारची रिकामी जागा फिलिपाची होती. दगडावरही त्याच्या नावाखाली तिच्या नावापुरती जागा सोडलेली होती. डोरीन नेमकी त्या जागेवर बसली होती, कीथकडे पाठ करून.

फिलिपा वळसा घालून तिच्या समोर जाऊन उभी राहिली. जुळवलेलं सगळं विसरली.

"ती जागा माझी आहे," ती म्हणाली.

"माहीत आहे मला." डोरीनने वर पाहिलं. तिचा चेहरा थकलेला होता, पण त्यावर राग नव्हता. "जरा बाजूला होता का?"

"मी का होऊ? माझ्या नवऱ्याची कबर आहे ही."

"त्याचं नाही म्हणत मी. तुम्ही माझ्या मुलीवर उभ्या आहात, बाई."

फिलिपाने खाली पाहिलं. पायाखाली नुसतं गवत होतं. तरी ती चटकन मागे सरली.

डोरीनने मग हातातलं काम न थांबवताच सांगितलं. मुलीचं नाव रूथ. एक हिवाळा जगली. तेव्हा ती आणि कीथ याच गावात, गॅरेजमागच्या सरकारी घरांत भाड्याने राहत होती. तेव्हा त्यांच्यासारख्यांनाही हे गाव परवडत होतं. पोरीच्या डोक्याशी दगड बसवायची ऐपत मात्र नव्हती. पुढे संसार मोडला. कीथचं चांगलं झाल्यावर तो दगड बसवू म्हणाला, तेव्हा तिनेच नाही म्हटलं. त्याच्या नव्या वैभवातलं काही तिला पोरीजवळ नको होतं.

"तुम्हाला बोलला नाही तो कधी?" डोरीनने विचारलं.

फिलिपाने नकारार्थी मान हलवली. लग्न ठरल्यावर घरासाठी ती दोघं किती गावं हिंडली होती. कीथला एकही पसंत पडेना. शेवटी इथलं पाद्र्याचं जुनं घर तिने दाखवलं आणि तो लगेच हो म्हणाला. आपल्या आवडीखातर म्हणाला, असं ती आजवर लोकांना सांगत आली होती. संध्याकाळी ती गाडी घेऊन स्टेशनवर येते म्हणाली की तो नको म्हणायचा. दिवसभर बसून पाय आखडतात, चर्चच्या आवारातून चालत येतो म्हणायचा. जेवण परत गरम करताना तिला वाटायचं, लंडनची गाडी आजही उशिरा आली.

मनातलं जळणं थांबलं नव्हतं. फक्त ते आता कुणावर काढावं हे तिला कळेना. गवताखालच्या त्या पोरीवर काढायचं, तर तिचं तिलाच लाजल्यासारखं होत होतं.

डोरीन कीथच्या दगडाला धरून उठली. गुडघ्यांची माती झटकली. फिलिपाने तिला गाडीने हॅडबरीला सोडते म्हटलं. बस आहे, डोरीन म्हणाली.

"तुम्ही इथे... स्वतःसाठी कधी जागा विचारली नाहीत?"

"विचारली होती. गावात राहणाऱ्यांनाच देतात." डोरीनने खुरपं कागदात गुंडाळून पिशवीत टाकलं. "लोकांना वाटतं, मी तुमच्या घराचा हेवा करते. घराचं मला काही नाही. या एवढ्या तुकड्याचा मात्र करते. खोटं कशाला बोलू?"

ती वाटेला लागली. फाटकाच्या अलीकडे थांबली आणि कुणाला स्वयंपाकातली युक्ती सांगावी तशा साध्या आवाजात म्हणाली,

"तुमची वेळ येईल तेव्हा एवढं करा. त्याच्याकडे कुशीवर वळून निजू नका. पोरीकडे पाठ होईल."