भिंतीवरचा तालुका

"डेपोची जागा मोकळी काऊन ठेवली, हेडमास्तर? भिंत टकली दिसून राह्यली!" रूपराव मास्तर शिडीखालून गोड आवाजात म्हणाले.

शिडीवर हेडमास्तर पुंडलिकराव. शाळेच्या भिंतीवर तालुक्याचा नकाशा काढत होते. एकाहत्तरची लढाई पेटलेली, आणि पुलगावचा दारूगोळ्याचा डेपो तिथून फार लांब नव्हता.

"आत काय हाय, मले काय मालूम?"

"मी सांगतो ना! माझा साळा तिथंच हमाल हाय."

आणि सांगितलं की! गोदामं कुठं, रूळ कुठून आत शिरतात, पाण्याची टाकी कुठं. पुंडलिकराव हं हं करत खडूनं रेघा मारत गेले. "उद्या रंग भरतो," म्हणाले.

रूपरावांच्या मनात उकळ्या फुटल्या. हेडमास्तरकी त्यांच्या हक्काची. ती या कालच्या पोरानं पळवली, वर भरसभेत म्हणाला, "रूपरावजी, तुम्ही पाचवीच सांभाळा." तेव्हापासून पोटात आग होती. थांब लेका, जेलची हवा खाऊ घालतो तुले!

रूपराव वर्गात असतानाच रंग भरून झाला. तपासनीस येऊन उद्घाटन करणार म्हणून नकाशावर चादर टांगली. रूपराव तडक पोलीस ठाण्यात.

"साहेब, आमच्या हेडमास्तरनं डेपो भिंतीवर काढला. दुश्मनाले आयता!"

"काय काय काढलं?" फौजदारांनी विचारलं.

रूपरावांना स्फुरणच चढलं. टेबलावर बोट फिरवत त्यांनी गोदामं, रूळ, टाकी, सगळं जागच्या जागी दाखवलं.

फौजदारांची जीप शाळेत आली. पोरं गोळा झाली. रूपराव छाती काढून सगळ्यांच्या पुढं.

"वढा ते चादर!" फौजदारांनी हुकूम सोडला.

चादर खाली आली. वर्धा नदी, रेल्वे, गावं, सगळं होतं. डेपोच्या जागी नुसता हिरवा रंग. एक टिंबही नाही.

"अशा जागा नकाशात दाखवत नसतात, रूपरावजी," पुंडलिकराव शांतपणे म्हणाले. "तुम्ही भूगोल शिकवता, वाटलं मालूम असन. तुमच्या साळ्यानं सांगितलेलं मी भिंतीवर कसं ठेवू? तुम्ही गेले अन् खडू पुसून टाकला."

फौजदारांनी भिंत नीट पाहिली. मग रूपरावांचा दंड धरला.

"बसा मास्तर जीपमध्ये. अन् जाता जाता साळ्याचं घर दाखवा."