दादाच्या पावलांनी

"रसायनशास्त्र विभाग. दादाच्या वाटेनं ने," विद्यापीठाच्या फाटकाशी रेणूनं कानातल्या वाटाड्याला सांगितलं. मातीत मुरलेली जुनी पावलं त्याला वाचता यायची. कुणाची, ते फक्त सांगायचं.

वाटाड्यानं तिला ग्रंथालयावरून नेलं आणि सरळ टेकडीवर चढवलं. विभाग खालीच राहिला. पहिलंच प्रॅक्टिकल बुडतंय म्हणून चरफडत, घामाघूम होऊन ती वर पोचली. बघते तर पाण्याची टाकी आणि घाणेरीची झुडपं, दुसरं काही नाही!

"इथं थांबा," वाटाड्या म्हणाला. "ते रोज दुपारी थांबत."

तिनं तणतणत दादाला फोन लावला. "या टाकीपाशी काय ठेवलंय रे तुझं?"

दादा हसला. "अगं, तेव्हा अख्ख्या आवारात रेंज तिथंच यायची."

रेणूचा राग जागीच विरला. दादा होस्टेलला असताना घरी रोज दुपारी त्याचा मिस्ड कॉल यायचा. तो आला की आई म्हणायची, "बरा आहे हो पोरगा," आणि मगच आपलं पान वाढून घ्यायची. शाळकरी रेणूला वाटायचं, दादाला काय, बसल्या जागी बटण तर दाबायचं!

"दादा, रोज एवढी टेकडी चढायचास तू?"

"मागच्या पायवाटेनं उतर, विभागाच्या दारात पोचशील. आणि आधी घरी मिस्ड कॉल दे. आई जेवायची थांबली असेल."